काटा शून्यावर बसला तेव्हा

आमच्या घरी एक प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी १९८८ साली घेतलेली. या गाड्यांचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. आमची मात्र डहाणूत अजून चालते. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या वेगाचा काटा शून्यावर बसला, तो हलेचना. 'इंजिनाच्या आवाजावरून वेग कळतो की,' असे म्हणत मी दोन महिने ढकलले.

एकदा मुंबईला जाताना चारोटीच्या पुढे सूर्या नदीचा पूल लागला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तो हाच पूल. मुलीने सहज विचारले, "बाबा, आत्ता वेग किती आहे?" मी म्हणालो, "असेल पन्नास." मागच्या गाडीत मेहुणे होते. पुढे चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "भावजी, पुलावर सत्तरच्या वर होतात." माझा चहा गारच झाला.

केबल तुटली होती. ही केबल साधी असते. बाहेर नळी आणि आत पोलादी तारांचा पीळ. तारेचे एक टोक गिअरबॉक्समध्ये, दुसरे मीटरच्या मागे बसते. गाडी चालली की तार फिरते, तिच्यामुळे मीटरमधला लोहचुंबक फिरतो आणि काटा सरकतो.

वस्तू साधी, पण मिळता मिळेना. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि दुकानदारांचे फळेही रिकामे होत गेले. एका दुकानात "चालेल ही" म्हणून दुसऱ्याच गाडीची केबल मिळाली. ती वीतभर लांब होती. डॅशबोर्डमागे तिला वळसा घालावा लागला. काटा थरथरत राहिला आणि आठवड्यात तार तुटली. दुसरी केबल चोर बाजारातून आणली. लांबी बरोबर, पण तारेचे चौकोनी टोक बारीक. ते खाचेत नुसतेच फिरे.

शेवटी तलासरीत महामार्गालगत ट्रक-टेम्पोची कामे करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "जुनी केबल कुठाय?" मी ती फेकली नव्हती, हे नशीब. काका म्हणाले, "भाऊ, गाडीचं नाव सांगून केबल मिळत नाही. माप सांगावं लागतं." मग त्यांनी मापे घेतली: नळीची लांबी, दोन्ही नटांचे आटे, चौकोनी टोकाची जाडी आणि तार नळीबाहेर किती येते ते. तार जास्त बाहेर आली तर मीटरला आतून रेटते, कमी आली तर निसटते.

नवी केबल घेण्याआधी त्यांनी तुटक्या तारेचा मीटरकडचा तुकडा बोटांनी फिरवला. काटा उचलला. म्हणजे मीटर शाबूत होते. जुनी नळीही धड निघाली. ती धुऊन तिच्यात मापाची नवी तार घातली, तिला हलके ग्रीस लावले. मीटरकडची चार बोटे मात्र कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस वर चढून मीटर खराब होते.

परतताना दापचरीजवळ आम्ही परीक्षा घेतली. काटा साठवर स्थिर ठेवला. मुलीने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत घड्याळ लावले. साठ सेकंद लागायला हवेत. लागले चौसष्ट. म्हणजे खरा वेग छप्पन्न. टायर झिजले की त्यांचा घेर कमी होतो, एका किलोमीटरला चाक जास्त फेरे घेते आणि मीटर थोडे पुढचे सांगते. हा फरक सुरक्षित बाजूचा. मागचे सांगणारे मीटर मात्र वाईट.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना एवढेच सांगतो: तुटलेला भाग टाकू नका, तोच नवा भाग शोधून देतो. आणि "चालेल" म्हणून दिलेली वस्तू घेऊ नका. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणी पुढे वाढते, पण केबल त्या तपासणीसाठी बसवायची नसते.

परवा पुन्हा सूर्येचा पूल लागला. मुलीने विचारले, "बाबा, किती?" या वेळी मी बघून सांगितले.