रिकामी ठेवलेली जागा

२४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्झॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर चढले. त्याचा तळ एकपदरी होता. पत्रा फाटला आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. हजारो पक्षी मेले.

अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमही ठरला. नव्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच आले. मोठ्या जहाजांत दोन पत्र्यांमध्ये साधारण दोन मीटर पोकळी असते. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतली टाकी वाचू शकते.

परतताना तोलासाठी याच पोकळीत समुद्राचे पाणी भरतात. खाऱ्या पाण्याने गंज चढतो. म्हणून माणसाने दिवा घेऊन आत उतरायचे, पत्रा तपासायचा. दुसरी भिंत उभारली, म्हणून पहारा संपत नाही.