फुलपाखराची हद्द



युनियनचा माणूस फुलपाखरांवर बोलणार, हे वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटाबाहेर झाले. फुलपाखरूही मला गेटाबाहेरच भेटले.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर पहिल्या पाळीच्या गेटसभेला मी लवकर जातो. पाऊस सरला की तेथल्या कुंपणाच्या झुडपावर एक काळा नर बसलेला दिसतो. पंखांवर पांढरे वाटोळे ठिपके, त्यांच्या कडेला निळी झाक. याला छोटा चांदवा म्हणतात. सकाळी तो पंख पसरून नुसता शेकत बसतो. त्याचे अंग आपल्यासारखे आतून ऊबदार राहत नाही. छातीचे स्नायू उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. एकदा तापला, की दुसरा नर दिसो वा चतुर, धावून जातो आणि परत त्याच फांदीवर येतो. मादी त्या वाटेने येईल, ही त्याची आशा. आभाळ आले की पहारा थंडावतो. ऑक्टोबरच्या भर दुपारी मात्र तो पंख मिटतो, सावली धरतो. त्याची हद्द कुंपणाने ठरत नाही, हवेने ठरते.

१९७८ साली डेव्हिस या शास्त्रज्ञाने ऑक्सफर्डजवळच्या रानातील अशाच एका जातीविषयी लिहिले. तेथे नर भांडतात ते जमिनीवर पडलेल्या कवडशासाठी. डेव्हिसला आढळले की आधी बसलेला नरच नेहमी जिंकतो. त्याला उचलून बाजूला ठेवले, की काही क्षणांत दुसरा येऊन बसतो. मग मूळ मालक परत आला तरी हरतो! हे वाचून मला आनंद झाला. कसेल त्याची जमीन म्हणणारे आम्ही. बसेल त्याचे ऊन हे आम्हांला पटणारच. पण १९९८ साली स्टट आणि विल्मर यांनी निराळे दाखवले. जिंकतो तो अधिक तापलेला नर. उन्हात बसलेला तापतो, म्हणून तो जिंकतो. म्हणजे ते बळ हक्काचे नव्हते, उबेचे होते. आपल्याला आवडणारा निष्कर्षही तपासून घ्यावा, हा धडा मी तेथे शिकलो.

फुलपाखरांवरून माणसांचे कायदे करू नयेत, हे मला कळते. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ऊन असह्य झाले की चांदवा पहारा सोडतो. त्याचा खाडा कोणी मांडत नाही. नाक्यावरच्या बिगाऱ्याला ती मुभा नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच शहरात, खारघरच्या मैदानावर, उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. ती माणसे तर नुसती बसली होती. स्लॅबवर घमेली वाहणाऱ्याचे काय होत असेल?

म्हणून माझे मागणे एवढेच. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी उघड्यावरचे काम थांबावे आणि त्या तासांची मजुरी कापली जाऊ नये. सावलीत जाण्याचा जो अधिकार किड्याला निसर्गाने दिला, तो माणसाला माणसाने द्यावा.