भिंतीवरचं शहाणपण



इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या राखेनं तिथल्या भिंतींचा गिलावाही जपला आणि त्यावर लोकांनी टोकदार लेखणीनं ओरखडून ठेवलेला मजकूरही. नावं, नमस्कार, प्रेम, शिव्या. १८७१ साली विद्वानांनी तोवर सापडलेला मजकूर ओळीनं क्रमांक देऊन छापला, शिव्यांसकट!

या गर्दीत अधूनमधून एखादी म्हण भेटते. शहराच्या मुख्य चौकाला लागून बॅसिलिका नावाची मोठी इमारत होती. तिथं खटले चालत, व्यापाराचे सौदे होत. तिच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलंय की, क्षुल्लक दुखणं हेळसांड केल्यानं सगळ्यात मोठं होतं. आता हे दुखणं कसलं? थकलेल्या उधारीचं, की बांधावरून पेटलेल्या वादाचं? लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. पण कोर्टाच्या आवारात ताटकळलेल्या माणसाला हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

दुसऱ्या एका भिंतीवरचा सल्ला मला जास्त आवडतो. वेळच घालवायचा असेल, तर बाजरीसारखं बारीक धान्य जमिनीवर उधळ आणि वेचत बस. आपला रिकामा न्हावी निदान भिंतीला तुंबड्या तरी लावतो!

भिंतींवरच्या या लिखाणाला कंटाळलेले लोकही होते. त्यांनी काय केलं? भिंतीवरच लिहिलं: एवढ्या जणांची बडबड अंगावर घेऊन, हे भिंती, तू अजून कोसळली कशी नाहीस? हा टोमणा इतका लोकप्रिय झाला की गावात तो एकाहून अधिक ठिकाणी सापडला.

हे सगळं येता-जाता लिहिलेलं. एका घरमालकानं मात्र उपदेश रीतसर रंगवून घेतला. त्याच्या घराला आज ‘नीतिवाद्याचं घर’ म्हणतात. जेवणाच्या दालनात, पाहुण्यांच्या नजरेसमोर, काळ्या पट्ट्यांवर पांढऱ्या अक्षरांत तीन सूचना. पाय धुऊन घ्या, आमच्या चादरी सांभाळा. दुसऱ्याच्या बायकोकडे लाडिक नजरेनं पाहू नका. तिसऱ्या सूचनेची सुरुवात झडून गेली आहे. शिल्लक आहे ते असं: भांडणं आवरा, जमत नसेल तर आपापल्या घरी चालू लागा.