बेटांची बंदरे आणि संगणकाची कसोटी



बेटावर वसलेल्या राष्ट्राला बंदर हे केवळ व्यापाराचे साधन नसते. तांदूळ, इंधन, औषधे, मुलांच्या वह्या, सारे त्याच धक्क्यावर उतरते. अशा बंदराचा कारभार संगणकावर नेण्यास तो देश कितपत सिद्ध आहे, हे तपासताना आपण प्रथम यंत्रे मोजतो. माझ्या मते ती मोजणी सर्वांत शेवटी करावी.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९६५ च्या करारान्वये जहाजाचे आगमन, माल, खलाशी, प्रवासी यांविषयीच्या कागदपत्रांचे नमुने ठरले. १ जानेवारी २०२४ पासून करारातील देशांनी ही माहिती संगणकाद्वारे, एकाच खिडकीतून स्वीकारावयाची आहे. एकदा दिलेली माहिती सीमाशुल्क, आरोग्य व बंदर खात्याने पुन्हा वेगवेगळी मागावयाची नाही. ऐकावयास हे सोपे आहे; परंतु आपली नोंदवही दुसऱ्या खात्यापुढे उघडणे कोणत्याही कचेरीस किती जड जाते, हे आपणांस मी सांगावयास नको!

मॉरिशसने हे लवकर ओळखले. कोकणातून गेलेले मराठी मजूर ज्या पोर्ट लुई बंदरात उतरले, त्या देशात १९९४ साली 'ट्रेडनेट' ही व्यवस्था सुरू झाली. सिंगापूरने तशीच व्यवस्था १९८९ मध्ये उभारली होती. मॉरिशसने मात्र घाई केली नाही. एकेक काम टप्प्याटप्प्याने संगणकावर नेले.

आता टोंगाचे उदाहरण पाहा. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिजीशी जोडणारी, सुमारे ८०० किलोमीटर लांबीची एकमेव सागरी तार तुटली. ती जोडण्यास पाच आठवडे लागले. त्याच दिवसांत पिण्याचे पाणी घेऊन मदतीची जहाजे नुकुआलोफाच्या धक्क्याला लागत होती. तार नाही म्हणून माल उतरविणे थांबविता येणार होते काय?

म्हणून सिद्धतेच्या तक्त्यात मी पहिला प्रश्न हा ठेवीन: तार तुटेल त्या दिवशी धक्क्यावरील कारकुनाच्या हाती मालाची यादी कोठून येणार? उपग्रहाची पर्यायी सोय आहे काय? कागदी नमुने कपाटात आहेत काय, आणि ते भरू जाणणारा माणूस निवृत्त तर झाला नाही ना? टोंगाच्याच व्हावाऊ बेटांकडे जाणारी अंतर्गत तार पूर्ववत होण्यास २०२३ साल उजाडले.