पापांची मोजदाद आणि वर्गाचा हिशेब
(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ख्रिस्ताच्या नावाने अधिक रक्त कोणी सांडले, हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील वाद शतकानुशतके चालत आला आहे. प्रॉटेस्टंट लेखक इन्क्विझिशनकडे आणि १५७२ साली पॅरिसमध्ये झालेल्या ह्यूगनॉटांच्या कत्तलीकडे बोट दाखवितात. कॅथलिक लेखक १६४९ साली क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंडात केलेल्या संहाराचे स्मरण देतात. दोन्ही आरोप खरे आहेत. तथापि, दोन्ही पंथांच्या सत्ताधाऱ्यांनी खांद्याला खांदा लावून जे केले, त्याविषयी हा वाद फारसे बोलत नाही. आपल्या अभ्यासाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

फ्रँकनहाउसेनचा धडा

१५२५ साली जर्मनीतील शेतकरी सरंजामशाहीविरुद्ध उठले. मेमिंगेन येथे तयार झालेल्या त्यांच्या बारा मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. भूदासपणा रद्द करा, गावाची सामाईक कुरणे परत द्या, जंगलातील लाकूड व नदीतील मासे यांवरील आमचा हक्क मान्य करा, आमचा धर्मोपदेशक आम्हाला निवडू द्या, अशा त्या मागण्या होत्या. ल्यूथरच्या बंडातून त्यांनी धीर घेतला होता. पण त्याच ल्यूथरने मे महिन्यात पत्रक काढून, बंडखोर शेतकऱ्यांना निर्दयपणे ठार करण्याचे आवाहन राजांना केले.

१५ मे रोजी फ्रँकनहाउसेन येथे शेतकऱ्यांवर चालून आलेल्या सैन्याचे सेनानी कोण होते? हेसेचा फिलिप हा ल्यूथरचा अनुयायी होता, तर सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज हा कट्टर कॅथलिक आणि ल्यूथरचा कडवा शत्रू. धर्माच्या प्रश्नावर या दोघांचे पटणे अशक्य होते. जमिनीच्या प्रश्नावर ते तत्काळ एक झाले. हजारो शेतकरी कापले गेले. त्यांचा नेता टॉमस म्युंत्सर हा स्वतः धर्मोपदेशक होता. छळ करून २७ मे रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. १८५० साली एंगल्सने या युद्धावर ग्रंथ लिहिला, तो धार्मिक वेषातील हा वर्गसंघर्ष उलगडून दाखविण्यासाठीच.

विचारस्वातंत्र्याच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. त्रैक्याचा सिद्धांत नाकारणारा वैद्य मायकेल सर्व्हेटस याला १५५३ साली फ्रान्समधील व्हिएन येथे कॅथलिकांनी दोषी ठरविले, आणि त्यासाठी लागणारा पुरावा पोहोचला तो कॅल्व्हिनच्या जिनिव्हाहून! तो निसटला, तेव्हा कॅथलिकांनी त्याची प्रतिमा जाळली. ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाने त्याला जिवंत जाळले.

मळे आणि माणसे

गुलामगिरीच्या वह्या उघडल्या तर पंथभेद आणखी पुसट होतो. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टनचा उसाचा मळा अँग्लिकन चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा होता. १८३३ च्या कायद्यानुसार ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली, ती मालकांना. या संस्थेलाही आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. राबलेल्या गुलामांना छदामही मिळाला नाही. अमेरिकेत मेरीलँडच्या जेझुइटांनी १८३८ साली २७२ स्त्रीपुरुष व मुले विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास गेला. अँग्लिकन चर्चने २००६ साली, तर जेझुइटांनी २०१७ साली क्षमा मागितली. क्षमायाचनेचे स्वागतच आहे. पण त्या श्रमातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेचे काय, हा प्रश्न वंशज विचारीत आहेत, आणि तो रास्त आहे.

आपल्या देशात

गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले आणि १८१२ साली कायमचे बंद झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील प्रॉटेस्टंट धर्मगुरू क्लॉडियस ब्युकॅनन १८०८ साली गोव्यात गेला, आणि त्याने त्या न्यायासनाचे भीषण वर्णन प्रसिद्ध केले. अत्याचार खरेच होते. पण १७७० च्या बंगालच्या दुष्काळात माणसे तडफडून मरत असतानाही सारावसुली करणारी हीच कंपनी होती, हे विसरता येत नाही.

आज या इतिहासाचा वापर तिसरीच शक्ती करू पाहते. हिंदू जमातवादी पोर्तुगीज राजवटीची पापे आजच्या ख्रिस्ती श्रमिकांच्या माथी मारतात. वस्तुतः गोव्याच्या इन्क्विझिशनने ज्यांना छळले, त्यांत मोठा भरणा बाटविलेल्या स्थानिकांचाच होता. जुन्या चालीरीती पाळल्या हा त्यांचा गुन्हा! म्हणजे अत्याचारितांच्याच वंशजांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे. २००८ साली ओडिशातील कंधमाळमध्ये घरे जळाली, ती प्रामुख्याने दलित व आदिवासी ख्रिस्त्यांची. त्यांचा ना लिस्बनशी संबंध होता, ना रोमच्या खजिन्याशी.

म्हणून, कॉम्रेड्स, असा वाद कानी आला की कोणत्याही पंथाची वकिली करू नका, आणि कोणताही अत्याचार झाकू नका. जमीन कोणाची होती, राबत कोण होते, आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न विचारा. चर्चमध्ये जाणारा कामगार आणि देवळात जाणारा कामगार यांना एका युनियनमध्ये आणण्याचे आपले काम या तीन प्रश्नांच्या उत्तरांनीच सुकर होणार आहे.