फुलांच्या गाडीतला थर्मोस्टॅट



पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर कामशेत आणि वडगाव यांच्या मधे कान्हे हे स्टेशन लागतं. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या कान्हे फाट्यावरून एक रस्ता टाकव्याकडे वळतो आणि पुढे आंदर मावळात शिरतो. हा मुलूख भाताचा. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं दिलेला इंद्रायणी तांदूळ इथल्या खाचरांमधून घरोघर पोचला. आज याच खाचरांच्या शेजारी पॉलिहाऊसची पांढरी छपरं दिसतात आणि त्यांच्या आत डच गुलाब फुलतो. तळेगावजवळच्या पुष्पोद्यानापासून पवन मावळातल्या येळसे गावापर्यंत ही शेती पसरली आहे. टॉप सीक्रेट, ताजमहाल, गोल्ड स्ट्राइक, अॅव्हलांच ही नावं इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आता भाताच्या वाणांइतकीच सहज येतात.

या फुलांसाठी धावणाऱ्या गाड्यांवर आज मला बोलायचं आहे. गाडीतलं शीतयंत्र कधी चालू व्हावं आणि कधी थांबावं हे ठरवणारा जो छोटा भाग असतो, तो म्हणजे थर्मोस्टॅट. मावळातल्या शीतखोल्या आणि फुलांच्या गाड्या दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. त्या कामातून माझं एक ठाम मत झालं आहे. गाडीच्या एकूण खर्चात थर्मोस्टॅटची किंमत अगदी किरकोळ असते, पण पोचलेल्या फुलाचा भाव बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरतो. तरीही तो बदलण्याचा विचार आपण सगळ्यात शेवटी करतो.

गुलाब तोडला म्हणजे त्याचं आयुष्य संपलं असं नसतं. दांडा कापल्यावरही फूल श्वास घेत राहतं. साठवलेली साखर जाळतं आणि त्यातून स्वतःच उष्णता बाहेर टाकतं. तापमान जितकं जास्त, तितका हा श्वसनाचा वेग जास्त. शून्याच्या जवळ ठेवलेला गुलाब अगदी संथपणे जगतो. दहा अंशांना त्याच गुलाबाचा श्वसनवेग कित्येक पट होतो. म्हणजे वाटेत उबेत गेलेला प्रत्येक तास गिऱ्हाइकाच्या फुलदाणीतल्या दिवसांमधून वजा होतो. गुलाबाला खरं मानवतं ते शून्य ते दोन अंश तापमान आणि नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता. आपल्याकडच्या गाड्यांमध्ये दोन ते चार अंश राखले तरी व्यवहारात चांगलं काम होतं. पण शून्याच्या खाली गेलं की पाकळी गोठते, आणि गोठलेली पाकळी वितळल्यावर काळी पडते. वर जायला वाव थोडा आणि खाली जायला जवळजवळ नाहीच. एवढ्या अरुंद पट्ट्यात गाडी ठेवायची असते, ती खंडाळ्याच्या घाटातून मुंबईच्या विमानतळापर्यंत किंवा दादरच्या फूलबाजारापर्यंत.

आता जुन्या गाड्यांमध्ये काय असतं ते पाहू. पुढे आकडे लिहिलेली फिरवायची खुंटी, तिच्या मागे एक बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला एक बंद फुगवटा. त्या फुगवट्यात वायू किंवा द्रव भरलेला असतो. हवा तापली की तो प्रसरण पावतो, आतला भाता फुगतो, संपर्क जुळतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. हवा गार झाली की भाता आकसतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. रचना साधी आहे, वीज लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं चालते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानात बरंच अंतर असतं, बऱ्याचदा चार-पाच अंशांचं. दुसरी म्हणजे खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत भाता आणि स्प्रिंग हळूहळू ढिले पडतात. खुंटी दोनवर असते आणि प्रत्यक्षात गाडीच्या मालाच्या पेटीत सहा अंश असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कळायचा काही मार्ग नसतो.

मग काय होतं? माल गरम पोचला अशी तक्रार येते. चालक खुंटी आणखी खाली नेतो. यंत्र थांबायचं नावच घेत नाही. आतल्या कॉइलवर दमट हवेतलं पाणी गोठून बर्फ धरतो. बर्फ वाढला की पंख्याची हवा कॉइलमधून जाऊ शकत नाही. कॉम्प्रेसर जोरात चालू असतो, डिझेल जळत असतं आणि पेटी तापत जाते. झोताच्या अगदी समोर असलेल्या खोक्यातली फुलं गोठलेली आणि दारापाशी असलेल्या खोक्यातली उमललेली, असा माल मी एकाच गाडीतून उतरताना पाहिला आहे. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. बहुतेकदा यंत्र ठणठणीत असतं आणि त्याला हुकूम देणारा भाग चुकलेला असतो.

डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये भात्याच्या जागी एक बारीक सेन्सर असतो. तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो आणि आतलं सर्किट त्यावरून अंश काढतं. सुरू आणि बंद यांच्यातलं अंतर आपण स्वतः एक किंवा दोन अंशांवर ठेवू शकतो. दोन अंशांना थांब, चार अंशांना सुरू हो, असं सांगितलं की तो तसंच वागतो. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तीनेक मिनिटांची सक्तीची विश्रांती देता येते, त्यानं कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढतं. कॉइलवरचा बर्फ ठरावीक वेळानं काढण्याची, म्हणजे डिफ्रॉस्टची, सोय त्यात असते. तापमान हद्दीबाहेर गेलं की वाजणारी घंटा असते. आकडा चालकाच्या डोळ्यांसमोर, केबिनमध्येच दिसतो. माझ्या मते या सगळ्यात तो दिसणारा आकडा सर्वांत मोलाचा. कामशेतजवळच चढता आकडा दिसला तर चालक गाडी बाजूला घेऊन फोन करू शकतो. विमानतळाच्या दारात कळून काही उपयोग नसतो.

बदल करताना काही गोष्टी जपायच्या. लहान पिकअपची वीज बारा व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची चोवीस व्होल्टची. घरच्या किंवा दुकानातल्या फ्रीजसाठीचा दोनशे तीस व्होल्टचा थर्मोस्टॅट गाडीत चालत नाही, म्हणून खरेदी करताना आधी व्होल्ट पाहा. काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करा आणि बॅटरीची ऋण तार काढा. जुन्या वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा. कॉम्प्रेसरच्या क्लचचा सगळा प्रवाह नव्या थर्मोस्टॅटमधून नेऊ नका, मधे योग्य क्षमतेचा रिले आणि फ्यूज घाला. जुन्या थर्मोस्टॅटच्या नळीतला वायू हा यंत्रातल्या गॅसपेक्षा वेगळा आणि स्वतंत्र असतो. त्यामुळे ती नळी काढल्यानं यंत्रातला गॅस जात नाही. पण ती ओढताना शेजारच्या कॉइलला धक्का लागू देऊ नका. वायर पेटीत जाते ते भोक सिलिकॉननं घट्ट बंद करा आणि गाडीच्या हादऱ्यांनी वायर घासणार नाही अशी ती बांधा. यंत्रावर जे प्रेशर स्विच असतात, त्यांना बगल देऊन वायर जोडण्याचा मोह कधीही करू नका. ते यंत्राचे रक्षक आहेत. नव्या गाड्यांमध्ये कंपनीचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तिथे हात घालायचा नाही, प्रशिक्षित माणसाकडूनच काम करून घ्यायचं.

सेन्सर कुठे लावायचा, यावर सगळं अवलंबून आहे. गार हवेच्या झोतात लावला तर पेटी गार झाली असं त्याला लवकर वाटतं आणि फुलं उबेत राहतात. दाराजवळ लावला तर प्रत्येक वेळी दार उघडलं की तो घाबरतो आणि यंत्र विनाकारण पळतं. त्याची योग्य जागा म्हणजे पेटीभर फिरून पंख्याकडे परत येणाऱ्या हवेच्या वाटेवर. शक्य असेल तर दुसरा सेन्सर फुलांच्या खोक्यात, गड्ड्यांच्या मधोमध ठेवा. हवेचं आणि फुलाचं तापमान वेगळं असतं, आणि आपल्याला भाव फुलाचा मिळतो.

लावल्यावर तो खरं बोलतो का, हे तपासायची पद्धत कुणालाही घरी जमेल. एका मोठ्या पेल्यात बर्फाचा चुरा घ्या, तो जेमतेम बुडेल एवढं स्वच्छ पाणी घाला, ढवळा आणि काही मिनिटं थांबा. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी शून्य अंशांवर स्थिर राहतं. सेन्सर पेल्याच्या बाजूंना टेकू न देता मधोमध धरा. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. तो दीड अंश जास्त दाखवत असेल तर तेवढी वजाबाकी थर्मोस्टॅटमध्ये नोंदवता येते. हंगामाच्या सुरुवातीला ही तपासणी करायलाच हवी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एक गैरसमज मात्र मला दूर करायचा आहे. उत्तम थर्मोस्टॅट लावला तरी गाडी फुलं थंड करत नाही. गाडीचं यंत्र आधीच गार केलेल्या मालाचा गारवा राखण्यासाठी बनवलेलं असतं. दुपारी तोडलेला गुलाब थेट गाडीत भरला, तर रात्रभरातही खोक्याच्या पोटातली उष्णता निघत नाही. म्हणून काढणी सकाळी लवकर, दांडे लगेच स्वच्छ पाण्यात, मग शीतखोली, आणि फूल आतपर्यंत गार झाल्यावरच गाडी. गाडीची पेटीही भरण्याआधी अर्धा तास चालवून गार करा. भरताना यंत्र बंद ठेवा, कारण दार उघडं असताना पंखा बाहेरची दमट हवा आत खेचतो. साते, जांभूळ, नायगाव, कान्हे असा चार ठिकाणी थांबत माल उचलणाऱ्या गाडीला हे विशेष लागू आहे. पावसाळ्यात तर फारच. गार पाकळीवर दमट हवा लागली की दव धरतं आणि त्या ओलाव्यात करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, वाढते. खोकी छताला टेकवून किंवा पंख्याचं तोंड अडवून रचू नका, हवेला फिरायला जागा ठेवा.

आणखी एक अडचण आपल्या वाटेवरची आहे. लहान गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. घाटात वाहतूक तुंबली, इंजिन बंद केलं, की गारवा बंद. थर्मोस्टॅट कितीही चांगला असला तरी न फिरणारं इंजिन तो फिरवू शकत नाही. म्हणून सुट्ट्यांचे आणि शनिवार-रविवारचे दिवस पाहून निघण्याची वेळ ठरवा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी विजेवर चालणारी स्टँडबाय मोटर असलेली गाडी निवडा.

धावत्या गाडीत गारवा राखण्याची ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय यंत्रज्ञ फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस ट्रकवर बसणारं, रस्त्यावरचे हादरे सोसणारं शीतयंत्र तयार केलं. जोन्स यांचं शालेय शिक्षण अगदी थोडं झालं होतं, यंत्रविद्या ते कामातून आणि पुस्तकांतून शिकले. त्यांच्या नावावर साठहून अधिक पेटंटं झाली. 1991 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, अमेरिकेनं त्यांना तंत्रज्ञानातला राष्ट्रीय सन्मान दिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या यंत्रांनी रक्त आणि औषधं जपली. आज केनियातला गुलाब नेदरलँड्सच्या आल्समीर लिलावात टवटवीत पोचतो, तो याच विद्येच्या बळावर. मावळचा गुलाब त्याच बाजारात त्याच्याशी स्पर्धा करतो. व्हॅलेंटाइन दिनासाठी आपली निर्यात जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. त्या दिवसांत इथे पहाटे बोचरी थंडी असते आणि दुपारी ऊन तापतं. पहाटेच्या गारव्यावर विसंबून यंत्र बंद ठेवणाऱ्याचं फूल पनवेलच्या उकाड्यात उमलून जातं.

आपल्या भागात ही विद्या शिकवणारी माणसं आहेत. तळेगाव दाभाड्याला कृषी पणन मंडळाची सुगीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था आहे. फुलांची काढणी, प्रतवारी आणि शीतसाखळी यांचं प्रशिक्षण घ्यायला गाडीच्या चालकालाही पाठवा. फूल कळी असताना तुम्ही त्याची जितकी काळजी घेता, तितकी ते तुमच्या हातून निघून गेल्यावर घेणारा माणूस तोच आहे. त्याला केबिनमधला आकडा वाचता आला पाहिजे, प्रत्येक फेरीत तो वहीत लिहिता आला पाहिजे, आणि आकडा चुकला तर काय करायचं हे ठाऊक असलं पाहिजे.

कान्ह्यात, टाकव्यात, येळशात कष्टानं वाढवलेलं फूल केवळ वाटेतल्या उबेनं कमी भावात जावं, हे मला मनापासून खटकतं. डिसेंबरात छाटणी करताना ज्या दिवशी तुम्ही कात्री हातात घ्याल, त्याच आठवड्यात आपल्या गाडीचा थर्मोस्टॅट बर्फाच्या पाण्यात तपासून घ्या. तो चुकत असेल तर हंगाम सुरू होण्याआधी बदला.