नावडत्या आरोपीचे हक्क

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला खरं तर मोबाईलवरच्या फसवणुकीबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण आपल्या ग्रुपवर एखाद्या पुढाऱ्याच्या अटकेची बातमी आली की दहा मिनिटांत निकाल लागतो : "याला वकील कशाला? सरळ आत टाका!" म्हणून आज नागरिकशास्त्रावर बोलते. तोच विषय, जो इतिहासाच्या पुस्तकात मागे असायचा आणि आपण आदल्या रात्री वाचायचो.

भ्रष्टाचाराची चीड मलाही आहे. रस्त्याचे पैसे खाल्ले की खड्ड्यात आपलीच माणसं पडतात. पण आज आपल्याला असलेले काही हक्क अशाच पुढाऱ्यांच्या खटल्यांतून पक्के झाले आहेत. त्यातले दोन सांगते.

पहिला ओडिशातला. माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्यावर १९७७ मध्ये भ्रष्टाचाराचा गुन्हा नोंदवला गेला. पोलीस ठाण्यात बोलावून त्यांना लेखी प्रश्नावली दिली. त्यांनी उत्तरं नाकारली, तर त्याबद्दलही खटला भरला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण पोलिसांच्या चौकशीपासूनच लागू होतं. आरोपीने मागितलं तर चौकशीच्या वेळी वकील जवळ असू द्यावा. आणि स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणं हा कायद्याचा भंग आहे, हेही न्यायालयाने सुनावलं. मैत्रिणींनो, हे आपल्यासाठीही आहे.

दुसरा आपल्याच राज्यातला. सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना १९८२ मध्ये पद सोडावं लागलं. त्यांच्यावरचे खटले कायद्याप्रमाणे विशेष न्यायाधीशांपुढे चालायचे होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे दिले. हेतू चांगला होता, निकाल लवकर लागावा. पण त्यामुळे उच्च न्यायालयात दाद मागण्याची एक पायरी अंतुल्यांपुरती गेली. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने स्वतःच्याच न्यायालयाचा आदेश फिरवला. कलम १४ आणि २१ चा भंग झाला, असं सांगितलं. ते निर्दोष आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. खटला कायद्याने ठरलेल्या जागीच चालला पाहिजे, एवढंच म्हणालं. पुढे १९९१ मध्ये त्यांच्याच प्रकरणात जलद न्यायाच्या हक्काची तत्त्वं सविस्तर मांडली गेली. तो हक्क तपासापासून अपिलापर्यंत असतो, आणि तो तुरुंगात तारखांची वाट पाहणाऱ्या गरीब कच्च्या कैद्यालाही आहे.

माझ्या कामात आम्ही प्रोग्राम तपासताना सगळ्यात अवघड उदाहरण आधी देतो. साध्या उदाहरणावर तो चालणारच. कायद्याचंही तसंच आहे. आवडत्या माणसाला वकील मिळावा, असं सगळ्यांनाच वाटतं. नावडत्याचा हक्क टिकला, तरच तो नियम पक्का.

शिवाय नियम मोडून केलेल्या तपासाचा फायदा कुणाला होतो? अनेकदा भ्रष्ट माणसालाच. त्याचा महागडा वकील त्याच चुकांवर बोट ठेवतो. आणि सत्तेतल्याने विरोधकावर खोटी केस घातली, तर त्याला अडवणारे नियमही हेच असतात.

आता घरी सांगण्यासारखं थोडं. अटक झाली तर कारण कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केलं पाहिजे. हे कलम २२. डी. के. बसू खटल्यातल्या निर्देशांप्रमाणे अटकेची तारीख आणि वेळ कागदावर नोंदवून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं. आम्ही संगणकात नोंद ठेवतो, तशीच ही. नंतर कुणाला वेळ बदलता येऊ नये म्हणून. स्त्रियांना आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा.

उद्या ग्रुपवर पुन्हा एखादी अटक येईल. चिडा, प्रश्न विचारा, पैसा कुठे गेला याचा हिशेब मागा. फक्त "वकील कशाला?" असं लिहू नका. लिहिलंत, तर मी उत्तर देणार आहे, आणि ते लांबलचक असेल.